औषध लागू पडलं होतं, मग आजार परत कसा आला? पेशींचे निरोप आणि अंडाशयाचा कर्करोग



आजचा पाठ पाठ्यपुस्तकातला नाही. चौथीला शिकवणाऱ्या, डी.एड. झालेल्या बाईने कर्करोगाच्या पेशीतल्या प्रथिनांवर का लिहावं, असं तुम्हाला वाटेल. मलाही आधी तसंच वाटलं. पण प्रश्न माझ्या वर्गातून आला आणि उत्तर देता आलं नाही म्हणून मी वाचायला बसले. जे समजलं ते तुमच्यासमोर ठेवते आहे. मी डॉक्टर नाही, त्यामुळे उपचारांचा सल्ला यात शोधू नका.

वर्गातल्या एका मुलीच्या आईला अंडाशयाचा कर्करोग झाला. (ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदलले आहेत.) ऑपरेशन झालं, केमोचे सहा डोस झाले, रिपोर्ट चांगले आले. आई गॅदरिंगला पण आली होती, डोक्याला स्कार्फ बांधून, पहिल्या रांगेत. आठ महिन्यांनी पोट पुन्हा फुगायला लागलं. मुलगी मधल्या सुट्टीत माझ्या टेबलापाशी आली आणि म्हणाली, "मॅडम, आईला औषध लागू पडलं होतं ना? मग परत कसं आलं?"

मी काही बोलायच्या आत तिनेच पुढे विचारलं, "मी आईला हंडा उचलायला लावला होता, त्याच्यामुळे का?"

नऊ वर्षांचं पोर हे मनात घेऊन किती दिवस शाळेत येत होतं कोण जाणे. आजूबाजूची मोठी माणसं काय बोलत होती तेही मग हळूहळू कळलं. "पथ्य पाळलं नसेल." "केमोनेच वाढला." "लवकर शेतात गेली." आणि दोन मुलींनी डबा खाताना जागा बदलली होती, कारण त्यांना घरून सांगितलं होतं. म्हणून हा लेख. आजार परत का येतो, याचं बरंचसं उत्तर आज विज्ञानाकडे आहे, आणि त्या उत्तरात ना हंडा आहे ना पथ्य.

आधी आजाराविषयी

अंडाशय म्हणजे बीजांडकोश. गर्भाशयाच्या दोन्ही बाजूंना बदामाएवढे दोन अवयव. मुलगी वयात आली की यातून दर महिन्याला अंडपेशी बाहेर पडते. या अवयवाच्या कर्करोगाचा सर्वांत जास्त आढळणारा प्रकार पुष्कळदा अंडाशयात सुरूच होत नाही, तो शेजारच्या अंडनलिकेच्या टोकाला सुरू होतो आणि तिथून अंडाशयावर येतो, असं आता मानलं जातं. भारतात बायकांना होणाऱ्या कर्करोगांत स्तन आणि गर्भाशयमुख यांच्यानंतर याचा नंबर लागतो. २०२२ च्या आंतरराष्ट्रीय अंदाजानुसार आपल्या देशात वर्षभरात सुमारे ४७ हजार नवे रुग्ण आणि सुमारे ३३ हजार मृत्यू. हे दोन आकडे शेजारी ठेवून बघा. इतके मृत्यू का? कारण बहुतेक जणींना हा आजार पोटभर पसरल्यावरच कळतो.

तो लपतो कसा? त्याची लक्षणं इतकी साधी आहेत की कुणाला वाटणारच नाही. पोट फुगणं, दोन घास खाल्ले की पोट भरल्यासारखं होणं, ओटीपोटात दुखणं, लघवीला वारंवार जावं लागणं. आपल्याकडे बाई म्हणते "गॅस झालाय", आणि ओवा खाऊन कामाला लागते. या मुलीच्या आईनेही कित्येक महिने ॲसिडिटीच्या गोळ्या खाल्ल्या. एखाद्या दिवशी असं झालं तर घाबरण्याचं कारण नाही. पण चाळिशी-पन्नाशीनंतर हे नव्याने सुरू झालं, दोन-तीन आठवडे जवळजवळ रोज राहिलं, तर स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जाऊन सोनोग्राफी करावी. लक्षण नसलेल्या सगळ्याच बायकांची तपासणी करून उपयोग होतो का, हे ब्रिटनमध्ये दोन लाखांहून अधिक स्त्रियांवर बघितलं गेलं. २०२१ साली अंतिम निष्कर्ष आले. सीए-१२५ ही रक्ततपासणी आणि सोनोग्राफी करूनही मृत्यू कमी झाले नाहीत. म्हणून कुणी शिबिरात "सगळ्या बायकांची कॅन्सरची रक्ततपासणी" म्हणून पैसे मागत असेल, तर आधी चौकशी करा.

पेशीची अँटेना

आता मूळ गोष्टीकडे. नारायणगावच्या मुलांना सिग्नल म्हणजे काय हे वेगळं सांगावं लागत नाही. खोडदची जीएमआरटी दुर्बीण आपल्याला घरच्यासारखी आहे. ४५ मीटर व्यासाच्या तीस अँटेना. चौदा मधोमध आणि बाकीच्या तीन दिशांना २५ किलोमीटरच्या परिसरात गावोगावी पसरलेल्या. २८ फेब्रुवारीच्या सुमारास तिथे विज्ञान प्रदर्शन भरतं, तेव्हा तालुक्यातल्या शाळा तिथे जातात. आत जाताना मोबाइल बंद करायला लावतात. का, तर आकाशातून येणारे सिग्नल इतके क्षीण की खिशातल्या फोनचा गोंगाटही त्यांना पुरून उरतो.

पेशीचंही असंच आहे. पेशीला डोळे नाहीत, कान नाहीत. आपण कधी वाढायचं, कधी दोन व्हायचं, कधी गप्प बसायचं, हे तिला बाहेरून येणाऱ्या रेणूंवरून कळतं. हे रेणू पकडायला तिच्या पृष्ठभागावर अँटेनासारखी प्रथिनं असतात. त्यांना रिसेप्टर म्हणतात. मराठीत ग्राही. प्रत्येक ग्राहीला ठरावीक निरोपच पकडता येतो.

त्यातला एक ग्राही आज आपल्याला लागणार आहे. त्याचं नाव आयजीएफ-१ रिसेप्टर. आयजीएफ-१ हा इन्सुलिनच्या भाऊबंदांपैकी एक रेणू. मेंदूखालच्या ग्रंथीतून वाढीचं संप्रेरक सुटतं, ते यकृताला सांगतं आणि यकृत आयजीएफ-१ बनवतं. जून महिन्यात बेंचवर पाय न टेकणारा मुलगा एप्रिलमध्ये खिडकीतून डोकावायला लागतो, त्यात या रेणूचा मोठा वाटा असतो. म्हणजे हा निरोप वाईट नाही. तो नसता तर आपली मुलं वाढलीच नसती. हे मुद्दाम सांगते, कारण असलं काही वाचलं की लगेच "आयजीएफ कमी करणारा आहार" विकणारे दारात येतात.

ग्राहीने निरोप पकडला की पुढे काय? पेशीच्या आतल्या बाजूला प्रथिनांची रांग असते. ग्राही जागा झाला की पीआय-थ्री-के नावाचं प्रथिन कामाला लागतं. ते पेशीच्या आवरणातल्या एका स्निग्ध रेणूला फॉस्फेटचा एक छोटा तुकडा चिकटवतं. हा तुकडा म्हणजे खांबावर लावलेला झेंडा समजा. झेंडा दिसला की पेशीत इकडे-तिकडे फिरणारं एकेटी नावाचं प्रथिन त्या खांबापाशी येतं. तिथे त्याच्याही अंगावर दोन ठिकाणी फॉस्फेट चिकटवला जातो, आणि मग एकेटी पूर्ण जागं होतं. (उंदरांच्या एका जातीतल्या गाठीत सापडलेल्या विषाणूवरून हे नाव पडलं. त्याचा अर्थ लावत बसण्यात काही हशील नाही, मी एक संध्याकाळ त्यात घालवली.)

जागं झालेलं एकेटी पेशीभर फिरून इतर प्रथिनांना आदेश देतं. साखर आत घे. प्रथिनं बनव. वाढ. आणि आपल्या पाठासाठी सर्वांत महत्त्वाचा आदेश म्हणजे "मरू नकोस."

हा शेवटचा आदेश समजून घ्यायला हवा. निरोगी शरीरात पेशी शिस्तीत मरतात. बेडकाच्या पिल्लाची शेपटी कापून कुणी टाकत नाही. त्या शेपटीतल्या पेशी वेळ आली की स्वतःच विघटित होतात. आईच्या पोटात बाळाच्या बोटांमध्ये पडदा असतो, तो असाच जातो. जिच्या डीएनएची फार मोडतोड झाली आहे अशी पेशीही बहुधा स्वतःला संपवते, म्हणजे बिघडलेला नकाशा घेऊन ती पुढे वाढत नाही. एकेटी या आत्मनाशाच्या यंत्रणेला कुलूप लावतं. थोडा वेळ लावलं तर ते योग्यच आहे. वाढीच्या काळात चांगल्या पेशी उगीच मरू नयेत.

आणि हे कुलूप काढायला पण माणूस नेमलेला आहे. पीटेन नावाचं प्रथिन त्या खांबावरचा झेंडा उतरवतं. झेंडा उतरला की एकेटी पुन्हा झोपतं.

मैदानावरचा खेळ

हे मी वर्गाला खेळातून दाखवलं. कर्करोगाचं नाव न घेता, फक्त "पेशीला निरोप कसा पोचतो" एवढंच. मैदानावर फक्कीने मोठं वर्तुळ आखलं, ती पेशी. रेघेवर एक मुलगा दोन्ही हात पसरून उभा, तो ग्राही. बाहेरून एकीने येऊन त्याच्या हातात चेंडू दिला की त्याने मागे वळून टाळी वाजवायची. टाळी ऐकली की दुसरीने काठीला रुमाल बांधून वर धरायचा. रुमाल दिसला की तिसऱ्याने, म्हणजे एकेटीने, वर्तुळात पळत जाऊन प्रत्येकाला काम सांगायचं. कुणी दोरीउड्या मारायच्या, कुणी खडे आत आणायचे. एका कोपऱ्यात एक मुलगा डोळे मिटून बसलेला. त्याला कुणी "झोप" म्हटलं तर त्याने उठायचं नाही. तो आत्मनाशाची यंत्रणा. आणि पीटेनने मी शिट्टी वाजवली की रुमाल काढून घ्यायचा.

पहिल्या दोन फेऱ्या छान झाल्या. तिसऱ्या फेरीत मी पीटेनला झाडाखाली बसवलं आणि ग्राहीच्या कानात सांगितलं, चेंडू नसला तरी टाळ्या वाजवत राहा. तीन मिनिटांत वर्तुळात नुसता गोंधळ. खडे इतके आत आले की उभं राहायला जागा नाही, आणि कोपऱ्यातला मुलगा झोपलेलाच. एक पोरगं दमून म्हणालं, "मॅडम, आता कुणीतरी बंद करा ना हे!" ज्या वर्गाला पेशीची व्याख्यासुद्धा माहीत नाही, त्याला मुद्दा कळला होता.

वरच्या वर्गांना शिकवणाऱ्यांनी हा खेळ जरूर घ्यावा. मुलं कमी असतील, दोनशिक्षकी शाळा असेल, तरी दहा जणांत होतो.

गाठीत काय बिघडतं

कर्करोगाच्या पेशीत नेमका हाच गोंधळ असतो, फक्त बिघाडाची जागा वेगवेगळी. कधी ग्राहींची संख्या वाढते. कधी पीआय-थ्री-केच्या जनुकात बदल होऊन ते निरोपाशिवायच चालू राहतं. कधी पीटेन गायब होतं. १९९२ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी अंडाशयाच्या काही गाठींत एकेटी-२ या जनुकाच्या जास्तीच्या प्रती सापडल्याचं दाखवलं. एकाच वर्गात चार मॉनिटर नेमल्यासारखं. २०११ मध्ये एका मोठ्या अमेरिकन प्रकल्पात अंडाशयाच्या सर्वांत घातक प्रकारच्या ४८९ गाठींचा जनुकीय नकाशा प्रसिद्ध झाला. त्यात जवळजवळ सगळ्या, म्हणजे ९६ टक्के गाठींमध्ये पी-५३ हे रखवालदार जनुक बिघडलेलं होतं. आणि पीआय-थ्री-केच्या किंवा तिच्या शेजारच्या रास नावाच्या निरोपसाखळीत सुमारे ४५ टक्के गाठींमध्ये बिघाड होता.

म्हणजे एकेटी हा एकटा खलनायक नाही. रखवालदार आधीच आजारी, त्यात निरोपाची साखळी सुटलेली.

औषध काय करतं आणि कुठे अडतं

या आजाराच्या मुख्य औषधाची गोष्ट मला फार आवडते. १९६५ मध्ये मिशिगन स्टेट विद्यापीठात बार्नेट रोझेनबर्ग नावाचे शास्त्रज्ञ जिवाणूंवर विजेचा काय परिणाम होतो ते बघत होते. जिवाणू विभागायचे थांबले आणि नुसते लांबच लांब वाढत गेले, धाग्यासारखे. वाटलं विजेने झालं. शोधता शोधता कळलं, वीज सोडायला वापरलेल्या प्लॅटिनमच्या पट्ट्यांतून थोडं प्लॅटिनम पाण्यात उतरलं होतं आणि त्यापासून तयार झालेल्या संयुगाने हे केलं होतं. जे जिवाणूंचं विभाजन थांबवतं ते गाठीचं का थांबवणार नाही? त्यातून सिसप्लॅटिन आलं आणि १९७८ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. आज अंडाशयाच्या कर्करोगात त्याचं धाकटं भावंड कार्बोप्लॅटिन देतात. जोडीला पॅक्लिटॅक्सेल, जे मुळात यू नावाच्या झाडाच्या सालीत सापडलं.

प्लॅटिनमचं औषध पेशीत शिरून डीएनएच्या दोऱ्यांना गाठी मारतं. पण इथे एक बारकावा आहे, तो मला फार उशिरा समजला. औषध पेशीला थेट मारत नाही. ते तिचा डीएनए इतका बिघडवतं की पेशीने स्वतःला संपवावं. शेवटचं काम पेशीच्याच आत्मनाशाच्या यंत्रणेने करायचं असतं. आणि त्या यंत्रणेला एकेटीने कुलूप लावलेलं असेल तर? औषध पोचलं, डीएनए बिघडला, तरी पेशी जिवंत. जखमी, पण जिवंत. मग ती डीएनए दुरुस्त करायला घेते.

सुरुवातीला दहातल्या सात-आठ रुग्णांत औषधाचा चांगला परिणाम दिसतो. पण आजार पसरल्यावर ज्यांचं निदान होतं, त्यांच्यातल्या बहुतेकींत तो पुन्हा डोकं वर काढतो. पहिल्यांदा औषध लागू पडलं होतं हे खरंच असतं. डॉक्टर खोटं बोललेले नसतात. शिल्लक राहिलेल्या मूठभर पेशी कुठल्याच तपासणीत दिसत नाहीत एवढंच.

हे चिवटपण कसं येतं, यावर आपल्याकडेच काम चाललं आहे. खारघरला टाटा मेमोरियल सेंटरचं संशोधन केंद्र आहे, ॲक्ट्रेक. तिथे डॉ. पृथा रे यांच्या गटाने अंडाशयाच्या कर्करोगाच्या पेशी प्रयोगशाळेत वाढवून त्यांना सिसप्लॅटिन, पॅक्लिटॅक्सेल आणि दोन्ही एकत्र, अशी औषधं टप्प्याटप्प्याने दिली. कमी चिवट, मग पूर्ण चिवट, अशा पेशी तयार केल्या. २०१४ साली त्यांनी दाखवलं की चिवटपणाच्या सुरुवातीच्या टप्प्यात पेशीवरचे आयजीएफ-१ चे ग्राही वाढतात, आणि पेशी पूर्ण चिवट झाल्या की ते पुन्हा कमी होतात. ग्राही बंद करणारं रसायन औषधाबरोबर दिलं, तर सुरुवातीच्या टप्प्यातल्या पेशी पुन्हा औषधाला बळी पडायला लागल्या. उशिराच्या टप्प्यात तसा फायदा मिळाला नाही.

यावर जरा थांबा. संकट आलं तेव्हा पेशीने जास्त अँटेना उभारल्या, जगण्याचा निरोप मिळेल तितका ओढून घेतला, आणि एकदा आतली व्यवस्था पक्की झाल्यावर अँटेना उतरवल्या. अँटेना तोडायचं औषध तुम्ही उशिरा आणलंत तर तोडायला अँटेनाच नाहीत. म्हणजे योग्य निरोप अडवणं पुरेसं नाही, तो योग्य वेळी अडवावा लागतो. याच गटाने २०१७ मध्ये आणखी एक गोष्ट मांडली. आधीच चिवट झालेल्या पेशींत सिसप्लॅटिन पडलं की निरोपांचं एक चक्र सुरू होतं, त्यात पीआय-थ्री-के असतं, आणि त्या चक्रातून मूळपेशींसारख्या दिसणाऱ्या कर्करोगपेशींचं प्रमाण वाढतं.

मूळपेशींचा मुद्दा पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राशीही जोडलेला आहे. विद्यापीठाच्या आवारातलं हे केंद्र आपल्यापासून एसटीने दोन-अडीच तासांवर. तिथल्या डॉ. शर्मिला बापट यांच्या गटाने २००५ मध्ये अंडाशयाचा कर्करोग पसरलेल्या एका रुग्णाच्या पोटातल्या पाण्यातून अशा मूळपेशींसारख्या कर्करोगपेशी वेगळ्या करून दाखवल्या. पुढे २००९ मध्ये स्नेल आणि स्लग या दोन प्रथिनांमुळे अशा पेशी केमो आणि रेडिएशन दोन्हींना तोंड देऊन टिकतात, हेही मांडलं. स्नेल म्हणजे गोगलगाय, स्लग म्हणजे शंख नसलेली गोगलगाय. पावसाळ्यात सोयाबीन खाऊन टाकणाऱ्या गोगलगायींचा अनुभव असलेल्या आपल्या शेतकऱ्यांना हे नाव पटेल.

टोमॅटोच्या प्लॉटमधून

पालकांच्या बैठकीत हे मी कसं सांगितलं ते लिहिते, कारण तिथे पीआय-थ्री-के वगैरे बोलून उपयोग नव्हता. अर्ध्याहून जास्त पालक टोमॅटोवाले. मी विचारलं, "नागअळीला पहिल्या वर्षी जे औषध चाललं, ते तिसऱ्या वर्षी का चालत नाही?" सगळे एकदम बोलायला लागले. एकजण म्हणाले, "मॅडम, मरायच्या त्या मरतात. ज्या वाचतात त्यांचीच पिल्लावळ होते."

बस, हेच. गाठीत कोट्यवधी पेशी, सगळ्या एकसारख्या नाहीत. औषधाने बहुतेक मेल्या. ज्यांच्याकडे कुलूप होतं त्या उरल्या आणि त्यांचीच पुढची गाठ झाली. मग मी विचारलं, "अळी वाचली तर दोष कुणाचा? झाडाचा?" कुणी काही बोललं नाही. मागच्या रांगेतून एक आजी म्हणाल्या, "झाड काय करनार बाई."

उदाहरण इथे थोडं तोकडं पडतं, तेही सांगायला हवं. अळी आपल्या जन्मात फारशी बदलत नाही, पुढची पिढी बदलते. कर्करोगाची पेशी मात्र त्याच जन्मात अँटेना वाढवते, उतरवते, म्हणजे स्वतः पण बदलते. दोन्ही गोष्टी एकाच वेळी चालतात, म्हणून डॉक्टरांचं काम शेतकऱ्यापेक्षा अवघड. आणि एक गैरसमज खोडून काढते. "शरीराला औषधाची सवय झाली" असं आपण म्हणतो, ते चुकीचं आहे. सवय शरीराला नाही, गाठीतल्या पेशींना झालेली असते.

"केमोनेच वाढला" या बोलण्याचं उत्तरही यातच आहे. केमोने बहुतेक पेशी मारल्या, म्हणून ती बाई गॅदरिंगला येऊन बसली. केमो घेतलाच नसता तर चिवट आणि नाजूक, सगळ्याच पेशी वाढत राहिल्या असत्या. फवारणी केली म्हणून अळी आली, असं कुणी म्हणतं का?

पुढे काय

निरोप अडवणारी औषधं आता स्वप्नातली नाहीत. गाठ आपल्यासाठी नव्या रक्तवाहिन्या मागवते, तो निरोप अडवणारं बेव्हासिझुमॅब अंडाशयाच्या कर्करोगात वापरलं जातं. बीआरसीए जनुकात दोष असलेल्या रुग्णांना ओलापॅरिबसारखी औषधं मिळतात, ती डीएनएची दुरुस्ती अडवतात. आणि एकेटी? थेट एकेटीला अडवणारं कॅपिव्हासर्टिब हे औषध २०२३ मध्ये अमेरिकेत मान्य झालं, पण स्तनाच्या एका प्रकारच्या कर्करोगासाठी. अंडाशयासाठी एकेटी अडवणारं औषध अजून नेहमीच्या उपचारांत आलेलं नाही. एक कारण आपण वाचलंच आहे. आयजीएफ-१ काय, एकेटी काय, निरोगी शरीरालाही लागतात. एकेटीला फार दाबलं तर रक्तातली साखर वाढते, कारण इन्सुलिनचा निरोपही याच साखळीतून जातो.

साखरेवरून आठवलं. "गूळ-साखर बंद केली की गाठ उपाशी मरते" असा एक व्हिडिओ आमच्या पालकांच्या ग्रुपवर फिरत होता. कर्करोगाच्या पेशी साखर जास्त ओढतात हे खरं आहे, पेट स्कॅन त्याच तत्त्वावर चालतो. पण आपण गोड सोडलं तरी शरीर भाताची, भाकरीची साखर करतं आणि गरज पडली तर स्वतःच्या स्नायूंचीही. केमोच्या काळात बाईला उपाशी ठेवलं तर आधी बाई खंगते. आहार डॉक्टर सांगतील तसा ठेवा.

आजार परत आला म्हणजे सगळं संपलं असंही नाही. शेवटच्या प्लॅटिनम डोसनंतर सहा महिन्यांच्या आत आजार परतला तर डॉक्टर पेशी प्लॅटिनमला चिवट झाल्या असं धरतात आणि बहुधा दुसरी औषधं देतात. त्यानंतर परतला तर प्लॅटिनम पुन्हा लागू पडण्याची शक्यता असते. जितका जास्त काळ गेला तितकी ती जास्त. आमच्या मुलीच्या आईला आठ महिने झाले होते, म्हणून तिला प्लॅटिनमच पुन्हा सुरू झालं आहे.

घरच्यांसाठी एक महत्त्वाची गोष्ट. या कर्करोगाच्या साधारण १५ ते २० टक्के रुग्णांत जनुकातला दोष वारशाने आलेला असतो, मुख्यतः बीआरसीएचा. तो आईकडून येतो तसा वडिलांकडूनही येतो. म्हणून रुग्णाची जनुकीय तपासणी करा असं डॉक्टर म्हणाले तर "आता काय उपयोग" म्हणू नका. उपयोग तिच्या औषधाला आहे आणि तिच्या बहिणींना, मुलींना आहे. लहान मुलीची तपासणी आत्ता करायची नसते, ती मोठी झाल्यावर तिने ठरवायचं.

आणि डब्याबद्दल. हा आजार शिवल्याने, एका ताटात जेवल्याने, एका बाटलीतून पाणी प्यायल्याने होत नाही. केमो चालू असलेल्या बाईची प्रतिकारशक्ती कमी असते, तेव्हा भीती असलीच तर उलटी आहे. आपल्या सर्दी-खोकल्याची मुलं तिच्याजवळ नेऊ नका, तिला आपल्यापासून जपायचं आहे. हे मी त्या दोन मुलींच्या आयांना फोन करून सांगितलं. एकीने लगेच ऐकलं. दुसरीने "बघू मॅडम" म्हटलं. तिच्याशी पुन्हा बोलणार आहे.

आता मुलीला काय सांगितलं ते. तिला घेऊन मैदानावर गेले, फक्कीचं वर्तुळ अजून पुसट दिसत होतं. म्हटलं, त्या दिवशी खेळात आठवतं, कोपऱ्यातला मुलगा झोपलाच नव्हता? आईच्या पोटात तशा थोड्या पेशी राहिल्या. खूप बारीक, मशीनलासुद्धा दिसत नाहीत एवढ्या. त्यांनी औषधाचं ऐकलं नाही. त्या हंडा उचलल्याने आल्या नाहीत आणि हंडा नसता उचलला तरी त्या गेल्या नसत्या. आई बरी होईल असं मी तिला म्हटलं नाही, मला ते माहीत नाही. डॉक्टर पुन्हा औषध देतायत आणि आईला दोन-तीन महिने खूप थकवा येईल, एवढं म्हटलं.

ती थोडा वेळ रेघेवरून चालत राहिली. मग म्हणाली, "मग पीटेनला झाडाखाली का बसवलं होतं मॅडम? त्याला आत ठेवायचं ना."

दुसऱ्या दिवशी तिने सगळ्यांना पुन्हा खेळायला लावलं आणि पीटेन ती स्वतः झाली.